पाच किलोची गाठ आणि रोजचा हर्निया: मेडिकल कॉलेजच्या सर्जरीच्या बातम्या कशा वाचाव्यात

वर्धा, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, आवृत्ती कुठलीही घ्या. जिल्ह्याच्या पानावर ही बातमी अधूनमधून असतेच. ‘महिलेच्या पोटातून निघाली पाच किलोची गाठ’, ‘विदर्भात प्रथमच अमुक शस्त्रक्रिया’, ‘शेतमजुराला जीवदान’. सोबत हिरव्या कपड्यांतल्या सात-आठ जणांचा फोटो, मधोमध विभागप्रमुख, कधी ट्रेमध्ये ठेवलेली ती गाठसुद्धा. शेवटी ‘अधिष्ठाता व वैद्यकीय अधीक्षक यांच्या मार्गदर्शनात’ ही ओळ ठरलेली. वाचून बरं वाटतं, कॉलेज आपल्याच भागातलं असतं ना. पण ज्याच्या घरी वडिलांना हर्निया आहे आणि सोयाबीन निघाल्यावर ऑपरेशन करू म्हणून जो थांबला आहे, त्याच्या हाती त्या बातमीतून काही लागत नाही. तिथं आपलं काम होईल का, कापणार कोण, पैसे किती, परत कामावर कधी?

बातमी खोटी नसते. पण एखादा सर्जरी विभाग खरंच चांगला आहे की नाही हे ज्या गोष्टींवरून ठरतं, त्या बहुतेक वेळा बातमीबाहेरच राहतात. त्या कोणत्या, ते बघू.

‘आज आमच्या युनिटची ओपीडी नाही’

विदर्भात शिकवणारी रुग्णालयं आता बरीच झाली. नागपूरचं मेडिकल १९४७ चं. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे म्हणून काढलं. यवतमाळचं १९८९ चं, सावंगीचं १९९० चं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यातली पाच विदर्भातली: अमरावती, बुलडाणा, वाशिम, भंडारा आणि गडचिरोली.

या सगळ्यांत सर्जरी विभाग एकाच साच्यात चालतो. विभागाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना युनिट म्हणतात. युनिटच्या वर एक प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, मग सीनियर रेसिडेंट आणि सगळ्यांत खाली एम.एस. म्हणजे सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारे ज्युनिअर रेसिडेंट (निवासी डॉक्टर), पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. प्रत्येक युनिटचे वार ठरलेले: एक ओपीडीचा, एक-दोन ऑपरेशनचे, एक इमर्जन्सीचा. तुम्ही सोमवारी दाखवलं आणि बुधवारी परत गेलात, तर खिडकीवर ‘तुमचं युनिट आज नाही’ ऐकावं लागतं. लोकांना ते टोलवाटोलवी वाटते. खरं कारण एवढंच की ज्यांनी पोटाला हात लावून तपासलं, तेच त्या वेळी ऑपरेशन थिएटरात हातमोजे घालून उभे असतात. हे ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं तर निम्मी भांडणं मिटतील, पण पाटी सहसा विभागप्रमुखांच्या नावाचीच मोठी असते.

‘शिकाऊ डॉक्टर आमच्यावर हात साफ करतात’

हा आक्षेप इतका जुना आहे की वॉर्डात तो रोज कोणी ना कोणी बोलून दाखवतो. ‘मोठे डॉक्टरच कापतीन ना जी?’ हे विचारताना म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्याला उत्तर हवं असतं आणि उत्तराची भीतीही वाटत असते.

सरळ उत्तर असं की हो, शिकणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतात आणि त्यातला काही भाग तेच करतात. मात्र हे पायरीपायरीने होतं. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट बराच काळ नुसता आतडी बाजूला धरून उभा असतो आणि शेवटी कातडीचे टाके घालतो. पुढे छोट्या शस्त्रक्रिया, त्याही टेबलाच्या पलीकडे शिक्षक उभा असताना. प्रत्येक केसची नोंद त्याच्या लॉगबुकात होते. शिवाय आता एम.एस.च्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणं बंधनकारक आहे.

दुसरी बाजूही बघा. खाजगी दवाखान्यात रात्री दोन वाजता पोट फुगलं तर सिस्टर फोन करते आणि डॉक्टर घरून निघतात. मेडिकल कॉलेजात त्या वेळी वॉर्डातच कोणीतरी पांढऱ्या ॲप्रनमध्ये खुर्चीवर पेंगत असतं. ऑपरेशन चांगलं होऊनही रुग्ण दगावतो तो पुष्कळदा नंतरच्या दोन-तीन दिवसांत: रक्तस्राव सुरू होतो, लघवी कमी होते, नाडी वाढते. ते लवकर दिसणं महत्त्वाचं, आणि ते दिसायला माणूस जागेवर असावा लागतो.

धोका कुठे आहे? देखरेख सुटते तिथे. म्हणून ‘शिकाऊ आहे का’ यापेक्षा ‘ऑपरेशनच्या वेळी सर स्वतः टेबलावर असतील का’ हा प्रश्न विचारावा. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी ते मराठीत समजावून सांगायला हवं, हाही हक्कच.

गाठीचं वजन कशाचं लक्षण

आता ती पाच किलोची गाठ. पोटातल्या मोठ्या गाठी पुष्कळदा अंडाशयाच्या असतात, आत पाणी किंवा चिकट द्रव भरलेला. अशी गाठ आजूबाजूला चिकटलेली नसेल तर आकाराच्या मानाने काढायला सोपी जाते. याउलट स्तनातली बोराएवढी गाठ कॅन्सरची निघू शकते आणि तिचा उपचार वर्षभर चालू शकतो. म्हणजे वजनावरून ना अवघडपणा कळतो, ना धोका. कळतं एकच: त्या बाईने किती दिवस काढले. पोट वाढत होतं, सासू म्हणत होती वायू आहे, निंदणाचे दिवस होते, तालुक्याला सोनोग्राफीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. ट्रेमधली गाठ म्हणजे या सगळ्या उशिराची बेरीज. शल्यचिकित्सकाचं कौतुक जरूर करावं, पण त्याच पानावर ती दोन वर्षं कुठे कुठे फिरली हेही कोणी छापावं.

या बातम्यांत एक वाक्य मात्र जवळजवळ कधीच नसतं: गाठीचा रिपोर्ट काय आला. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजी विभागात जातो, तिथे त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. याला बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतात आणि तो यायला आठवडाभर किंवा जास्तही लागतो. बातमी मात्र दुसऱ्या दिवशी छापून आलेली असते. ‘यशस्वी’ हा शब्द रिपोर्टच्या आधीच लागलेला असतो.

दुर्बीण, रोबो आणि ‘चिरा न देता’

‘दुर्बिणीद्वारे’ या शब्दाला आपल्याकडे भलतंच वजन आहे. पोटाला पाच आणि दहा मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारं. आत जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये असं पित्ताशय काढलं तेव्हा त्यांच्याच लोकांनी नाकं मुरडली. भारतात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते सुरू केलं. म्हणजे हे तंत्र आता नवं राहिलेलं नाही. मेडिकल कॉलेजात पित्ताशय दुर्बिणीने निघणं ही आज बातमी नसून नित्याची गोष्ट असायला हवी.

फायदा खरा आहे: जखम लहान, दुखणं कमी, माणूस लवकर शेतात. एक गोष्ट मात्र घरच्यांना आधी सांगितलेली बरी. ऑपरेशन पोटाचं आणि दुसऱ्या दिवशी दुखतो खांदा. उरलेल्या वायूमुळे छाती-पोटाच्या मधला पडदा चुरचुरतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते. ‘काहून, हात पिरगाळला का थिएटरात?’ असं विचारणारे नातेवाईक वॉर्डात नेहमी भेटतात.

कधी दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मधेच पोट उघडून पूर्ण करावं लागतं. सगळं चिकटलेलं असतं, नीट दिसत नाही, रक्त थांबत नाही. याला फसलं म्हणू नका. वेळेवर हात थांबवून चिरा देणारा शल्यचिकित्सक जास्त भरवशाचा.

रोबोबद्दल थोडक्यात: रोबो स्वतःच्या मनाने काही करत नाही. डॉक्टर त्याच खोलीत पडद्यासमोर बसून त्याचे हात चालवतात. अवघड, खोल जागी त्याचा उपयोग होतो. साध्या अपेंडिक्ससाठी रोबो कुठे आहे हे शोधत फिरण्यात अर्थ नाही.

आता हर्निया, कारण खरी परीक्षा इथे आहे

पोटाची भिंत स्नायूंची आणि त्यावरच्या चिवट पडद्याची असते. ती जांघेत कमजोर पडली की आतलं आतडं तिथून बाहेर डोकावतं. पोतं उचललं, खोकला आला की फुगवटा, आडवं झालं की आत. यालाच हर्निया म्हणतात, जुन्या मराठीत अंतर्गळ. सायकलचा टायर फाटून ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना, अगदी तसं. पूर्वी फाटलेले काठ ओढून शिवायचे. ताण पडून काही जणांचं परत उसवायचं. आता फाटक्या टायरला आतून गेटरचा तुकडा टाकावा तशी जाळी बसवतात, काठ ओढावे लागत नाहीत. ही जाळी म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्यांचं विणलेलं कापड, शरीर तिच्या छिद्रांतून स्वतःचं चिवट पेशीजाल वाढवतं आणि भिंत पक्की होते.

जाळी महाग, ही अडचण होती. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा या गावी सर्जरी करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी विचार केला की मच्छरदाणीचं कापडही जवळपास तशाच धाग्यांचं आहे, मग निर्जंतुक करून तेच का वापरू नये? आणखी काही ठिकाणच्या शल्यचिकित्सकांना बरोबर घेऊन त्यांनी ते वापरलं आणि २००३ मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. जगाने आधी भुवया उंचावल्या. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर नीट चिठ्ठ्या टाकून तुलना झाली: निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना बाजारातली. वर्षभराने पहिल्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, दुसऱ्यात कोणाचाच नाही. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. फरक इतका किरकोळ होता की स्वस्त जाळी हा रास्त पर्याय ठरला. (घरच्या पलंगावरची मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जाऊ नका. कापड कुठलं, किती तापमानाला निर्जंतुक करायचं याचे काटेकोर नियम आहेत, जास्त तापवलं तर ते वितळतं.)

एवढ्या विस्ताराने सांगायचं कारण म्हणजे माझ्या मते सर्जरीतली कामगिरी याला म्हणावं. जो आजार शेकड्यांनी येतो, त्यावर परवडेल असा आणि टिकेल असा इलाज. पूर्व विदर्भात त्याच रांगेत अंडवृद्धी येते, हत्तीरोगाच्या डासांमुळे अंडकोशात पाणी साचणं. अर्ध्या-पाऊण तासाचं ऑपरेशन, पण माणूस लाजेपायी वर्षानुवर्षं धोतर सावरत फिरतो. यांचा फोटो पेपरात येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा विभाग आपली कामगिरी सांगेल तेव्हा हे विचारावं: साध्या हर्नियाला तारीख किती दिवसांनी मिळते? शंभर जखमांतल्या किती पिकतात? रात्री आलेल्या फुटलेल्या अपेंडिक्सला थिएटरात न्यायला किती तास लागतात? चांगल्या विभागात हे आकडे असतात, कारण तिथे मृत्यू आणि गुंतागुंतीवर नियमित बैठक होते. काय चुकलं ते प्राध्यापकासमोर रेसिडेंट मांडतो आणि प्रसंगी प्राध्यापकाचंही चुकलेलं मांडलं जातं. या बैठकीला पत्रकारांना बोलवत नाहीत, ते ठीकच आहे.

थिएटरातला एक कागदही इथेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी दिली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं: नाव काय, बाजू डावी की उजवी, ॲलर्जी आहे का, रक्त टिपायचे कापडी मॉप मोजून बरोबर आले का? दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्यासाठी ना रोबो लागला, ना नवी इमारत.

विदर्भातला रुग्ण पुस्तकातला नसतो

सिकलसेल घ्या. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. या कळा पोटातही येतात. रात्री अकराला चौदा वर्षांची पोरगी पोट धरून येते. अपेंडिक्स आहे की सिकलची कळ? चुकून पोट उघडलं तर नुकसान, अपेंडिक्स असून थांबलं तरी नुकसान. पुण्या-मुंबईच्या पुस्तकी सर्जनला हा पेच क्वचित पडेल, गडचिरोली-चंद्रपूरच्या रेसिडेंटला तो पडतोच. या आजारात लाल पेशी लवकर मोडतात म्हणून कोवळ्या वयातही पित्ताशयात खडे होतात. तेव्हा ‘बारा वर्षांच्या मुलाचं पित्ताशय काढलं’ या बातमीत नवल कमी आणि ओळखीचं जास्त आहे. अवघड भाग वेगळाच असतो: रुग्णाला थंडी वाजू द्यायची नाही, शरीरातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, ऑक्सिजन जराही घसरू द्यायचा नाही, गरज पडली तर आधी रक्त चढवायचं. घरात कोणाला सिकलसेल असेल तर त्याचं कार्ड पहिल्या दिवशी पहिल्या डॉक्टरला दाखवा, विचारायची वाट बघू नका.

दुसरा आपला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घासून दिवसभर गालात. आधी तोंड उघडणं कमी होतं, दोन बोटंही आत जात नाहीत, मग व्रण, मग कॅन्सर. बातमी येते ‘जबडा काढून छातीच्या मांसाने गाल तयार केला’. ते कसब मोठं आहेच. पण जरा विचार करा, ज्याचं तोंडच उघडत नाही त्याला भूल कशी देणार? श्वासाची नळी एरवी तोंडातून घालतात. इथे भूलतज्ज्ञाला नाकातून, लवचिक दुर्बिणीने बघत बघत, रुग्ण जागा असतानाच ती नळी घालावी लागते. त्या दिवसाचं निम्मं यश चिरा पडण्याआधीच कमावलेलं असतं, आणि फोटोत भूलतज्ज्ञ असलाच तर कडेला.

पण तिथवर पोचणार कसं?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये एक साधी कसोटी सांगितली: सिझेरियन, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरचा इलाज, या तीन गोष्टी कोणालाही दोन तासांच्या आत मिळाल्या पाहिजेत. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात नाले भरले की घड्याळाला अर्थच राहत नाही. तिथले लोक नदी ओलांडून तेलंगणात जातात ते उगाच नाही. मेळघाटातल्या धारणीचा माणूस अमरावतीला निघतो तेव्हा घाट लागतो.

म्हणून नव्या कॉलेजांचं स्वागत करताना पुढचं विचारत राहावं लागेल. पाटी लागली, एमबीबीएसची मुलं आली. रात्री भूलतज्ज्ञ आहे का? रक्तपेढीत रक्त आहे का? ही दोन उत्तरं ‘नाही’ असतील तर उत्तम शल्यचिकित्सकसुद्धा बैलाने शिंग मारून पोट फाडलेल्या माणसाला नागपूरला रेफर करण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

पैशांचं काय?

सेवाग्रामच्या रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात गावागावातून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. ज्याच्याकडे रोकड नाही त्याच्याकडे पीक तर आहे, हा हिशेब. आता राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती आणि गडचिरोली होते. २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा वर्षाला पाच लाखांवर गेली. यादीतलं ऑपरेशन असेल तर रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, ऑनलाइन मंजुरी काढतो. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर मंजुरी अडकते, ते दुरुस्त करून ठेवा. काही नेहमीच्या शस्त्रक्रिया योजनेत सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, त्यामुळे ‘योजनेत बसत नाही’ असं खाजगीत ऐकलं तरी मेडिकल कॉलेजात विचारून बघावं.

भर्ती व्हायला निघताना

जुने सगळे कागद न्या, सोनोग्राफीची फिल्मसुद्धा. बीपी-साखरेच्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, ‘ती पांढरी गोळी’ सांगून कोणाला कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

उपाशी ठेवतात त्याला कारण आहे. भुलेत पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून अन्न सहा तास आधी बंद, दूध घातलेला चहाही त्यातच धरा. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तेही वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून. आजीने मायेने भरवलेल्या चहा-बिस्किटापायी ऑपरेशन रद्द होतं आणि तारीख पुढच्या आठवड्यावर जाते.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड मिळतं. गाठ काढली असेल तर त्यावर बायोप्सीचा नंबर लिहिलाय का ते तिथेच बघून घ्या. टाके निघाले, बरं वाटलं की पुष्कळ लोक रिपोर्ट न्यायला परत येतच नाहीत. तो घेऊन स्वतः डॉक्टरांना दाखवायचा आणि कार्डावर जे युनिट लिहिलंय त्याच्याच ओपीडीच्या वारी जायचं, म्हणजे एसटीचं भाडं दोनदा जाणार नाही.